आकडा जागचा हलत नाही

४ जून २०२४. अकोल्याचा निकाल. भाजपचे धोत्रे ४ लाख ५७ हजार, काँग्रेसचे पाटील ४ लाख १६ हजार, बाळासाहेब आंबेडकर २ लाख ७६ हजार. तिसरे.

माय म्हणाली, "आपल्या वस्तीत तं झाडून साऱ्यायनं टाकलं रे. मंग कमी कोनाचं पडलं?"

चौकात काँग्रेसवाले आम्हाला मतफोडे म्हणत होते. मीही तावातावानं भांडलो. रात्री जुनी वही काढली. २०१९ : २ लाख ७८ हजार. पाच वर्षं गेली, आकडा जागच्या जागी. याच अकोल्यानं १९९८ला अन् १९९९ला बाळासाहेबांना लोकसभेत धाडलं होतं. ती मतं काय एकट्या आपल्या वस्तीची होती?

दोस्तहो, २६ एप्रिलला मतदान. त्याआधी महिनाभर मी फिरलो, पण आपल्याच वस्तीत. तिथं जयभीम होता, चहा होता. कुणब्याच्या, माळ्याच्या ओट्यावर एकदाही टेकलो नाही. हाकलतील म्हणून भ्यालो. मत मागितलंच नाही, तर फुटलं कसं म्हणू?

सकाळी मायला म्हटलं, "माहंच कमी पडलं."

भाकर थापता थापता ती म्हणाली, "मंग जाय न आता तिकडं."