एका खाटेमागे किती सिस्टर?

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. 1894 मध्ये विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी इथं रुग्णालय उभारलं, तिथंच परिचारिका घडू लागल्या. 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आज सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात आयसीयूची पाटी नसलेलं मोठं हॉस्पिटल शोधावं लागेल. पण पाटीच्या आत, रात्री तीनला व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतो तेव्हा उठणाऱ्या सिस्टरकडे खाटा किती असतात?

कागदावर उत्तर झकास आहे. आपल्याकडच्या निकषानुसार आयसीयूत खाटेमागे एक परिचारिका, वर रजेसाठी 30 टक्के राखीव. ब्रिटनही व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एक नर्स मागतो. कॅलिफोर्नियात 2004 पासून कायद्यानं दोघांमागे एक. जर्मनीत 2021 पासून दिवसा दोघांमागे एक, रात्री तिघांमागे एक. म्हणजे कागदोपत्री आपण जर्मनीच्याही पुढे! फरक इतकाच, की तिथं आकडा पाळला नाही तर हॉस्पिटलचे पैसे कापले जातात. आपल्याकडे तीन-चार गंभीर रुग्ण एकीवर सोपवलेली नाइट ड्युटी मी इतक्या वेळा पाहिली आहे, की कुणाला तिचं नवलही वाटत नाही.

कामाची वाटणीही देशागणिक बदलते. अमेरिकेत व्हेंटिलेटर सांभाळायला श्वसनोपचार तंत्रज्ञ असतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात असा वेगळा माणूस सहसा नसतो. तिथली प्रशिक्षित नर्स ठरवून दिलेल्या मर्यादेत यंत्राचे आकडे बदलते, रुग्णाला हळूहळू यंत्रावरून सोडवते. आपल्याकडे आकडे डॉक्टर ठरवतात. सिस्टरनं सक्शन करायचं, तासातासाला चार्ट भरायचा. प्रत्यक्षात मात्र फोनवर, ‘सर, सॅच्युरेशन पडत होतं, ऑक्सिजन वाढवलाय, तुम्ही या,’ असं सांगणारी मुरलेली सिस्टरच रुग्णाला सकाळ दाखवते. तिच्या या निर्णयाची नोंद कुठल्याही हुद्द्यात नाही.

हे शिकायचं कुठं? जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. पुढे अतिदक्षता परिचर्येची वर्षभराची पदविका आहे, नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. पण पदविका घेऊन परतलेल्या मुलीला त्याच वॉर्डात, जवळपास त्याच पगारावर उभं राहावं लागत असेल, तर ती कशासाठी वर्ष घालवेल? ब्रिटनमध्ये युनिटमधल्या निम्म्या तरी नर्सकडे ही जादा पात्रता असावी असा दंडक आहे. जर्मनीत नोकरी सांभाळून साधारण दोन वर्षांचं विशेष प्रशिक्षण घेतात. आपल्याकडची नवी मुलगी जुन्या सिस्टरच्या मागे फिरून शिकते. जुनी सिस्टर चांगली निघाली तर नशीब.

आपली आकडेमोड तरीही कशीबशी जुळते, कारण हिशेबात न धरलेली माणसं राबत असतात. अंग पुसणारी मावशी, कूस बदलायला हात लावणारा मामा, औषधांसाठी पळणारा आणि दाराबाहेर सतरंजीवर रात्र काढणारा मुलगा. हे हात नसले की काय होतं, ते करोनानं दाखवलं. मार्च 2020 मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबातले चौघं करोनाबाधित निघाले आणि मिरजेला दाखल झाले. पुढच्या लाटांमध्ये नातेवाइकांना दार बंद झालं. घोटभर पाणी पाजणं, घरच्यांशी फोन लावून देणं, सगळं पीपीई किटमधल्या सिस्टरवर आलं, तेव्हा कुठं त्या बिनपगारी हातांचं वजन कळलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. तिकडं जाऊ पाहणाऱ्या मुली आता क्रियापदं घोकताहेत. भाषेची परीक्षा पास झाली, तरी पहिला धक्का वेगळाच बसतो: तिथल्या आयसीयूत रुग्णाला आंघोळ घालणं, तोंड स्वच्छ करणं हे नर्सचंच काम असतं. ‘हे तर मावशी करतात,’ असं चार वर्षं शिकून गेलेल्या मुलीच्या तोंडून सहज निघून जातं. तिथली नर्स मात्र पाठ पुसतापुसता कातडी लाल झालीय का, श्वास कसा चाललाय, नळी सरकली का, हे बघत असते.