नाकाचे काम आणि रोजचे पाणी

अल्लाहने दिलेले नाक किती कामे करते, हे आम्हाला अब्बांच्या गळ्यात नळी बसल्यावर कळले. वुजू करताना आपण तीनदा नाकात पाणी घेतो. पण आत जाणाऱ्या हवेला तेच नाक ऊब देते, ओलावा देते, धूळ अडवते, हा विचार कुणाच्या मनात येतो? पक्षाघातानंतर अब्बा बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. मग ट्रेकिऑस्टॉमी झाली. गळ्याला पुढून छिद्र करून श्वासनलिकेत नळी बसवली. आता हवा नाकातून न जाता थेट आत जाते. ती कोरडी असली की कफ घट्ट होतो आणि नळीत बुचासारखा अडकतो.

म्हणून दिवसा नळीच्या तोंडावर ‘कृत्रिम नाक’ म्हणतात ती छोटी डबी असते. ती धुवायची नसते. चोवीस तासांनी, कफ लागला तर त्याआधीच, फेकून नवी लावायची. रात्री ती काढून गरम वाफेचा ह्युमिडिफायर लावतो. दोन्ही एकत्र लावत नाहीत. डबी भिजते आणि श्वास जड होतो.

खरी मेहनत ह्युमिडिफायरची. त्याच्या भांड्यात कालचे पाणी उरलेले असते आणि ते अगदी स्वच्छ दिसते. त्यातच नवे ओतावे, असे कुणालाही वाटेल. पण कोमट, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि इथून ते सरळ छातीत जाऊ शकतात. म्हणून फजरनंतर पहिले काम तेच. मशीन बंद करून प्लग काढायचा, भांडे गार होऊ द्यायचे, उरलेले पाणी ओतून टाकायचे. भांडे आणि नळी कोमट साबणपाण्यात धुवायची. ठरलेल्या दिवशी एक भाग पांढरा सिरका आणि तीन भाग पाणी यात अर्धा तास बुडवून ठेवायची, मग भरपूर पाण्याने खळबळायची. ही आमच्या मशीनसाठी नर्सताईंनी शिकवलेली रीत. काही भांडी धुण्यासाठी नसतातच, तेव्हा आपल्या मशीनचे आधी विचारून घ्यावे. त्यानंतर सुकवणे. आमच्या मते अर्धी सफाई सुकवण्यातच आहे. नळी उन्हात न टाकता सावलीत उभी टांगतो. ओली नळी परत जोडायची नाही, म्हणून दोन संच ठेवले आहेत.

मशीन अब्बांच्या गळ्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवतो. नळीत वाफेचे पाणी जमते, ते त्यांच्याकडे वाहू नये. जमलेले पाणी नळी सोडवून बाहेर टाकतो, भांड्यात परत जाऊ देत नाही.

पाणी कोणते, यावर घरात बरीच चर्चा झाली. बोअरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर धरतो. बॅटरीत घालायचे पाणी स्वस्त मिळते, पण ते रुग्णासाठी बनवलेले नसते. आम्ही औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणतो. फुफी उमराहून आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “यात थोडे जमजम घालू या, शिफा मिळेल.” त्यांना नाही म्हणणे जड गेले. जमजममध्ये क्षार असतात आणि बाटली प्रवास करून आलेली. शेवटी त्यांनीच ते बोटाने अब्बांच्या ओठांना लावले आणि दुआ केली. अब्बांनी डोळे मिटून घेतले. लोबानचा धूर मात्र त्या खोलीत आता कुणीच नेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. डबी लावली होती, तरी तीनच्या सुमारास अब्बांच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ते हात उशीवर आपटत होते. आवाज निघत नाही, म्हणून त्यांची हाक ती अशी. टॉर्चच्या उजेडात आतली नळी काढली. तिच्या तोंडाशी वाळलेल्या कफाची खपली होती. धुऊन ठेवलेली दुसरी नळी डब्यात तयार होती. ती बसवली आणि श्वास मोकळा झाला. अल्हम्दुलिल्लाह. वीज येईपर्यंत अम्मी त्यांचा हात धरून बसल्या होत्या.

त्यानंतर इन्व्हर्टर घेतला आणि पलंगाजवळ एक तक्ता लावला: पाणी बदलले, भांडे धुतले, नळी सुकली, सुटी नळी डब्यात आहे. अम्मी उर्दू वाचतात आणि दिवसा येणारी ताई मराठी, म्हणून तो दोन्ही लिपींत लिहिला आहे. रमजानमध्ये सकाळचे काम सहरीच्या आधी उरकतो. तेव्हा तक्त्यावर खूण धाकटा करतो, पण आधी नळी उजेडात धरून आत थेंब उरला नाही ना, ते बघतो.