नीरेपलीकडचे संस्थान

आमच्या लहानपणी बारामतीहून फलटणास जाणारा मनुष्य ‘संस्थानात जाऊन येतो’ असे सांगून निघे. वास्तविक फलटणचे संस्थान १९४८ च्या मार्च महिन्यात मुंबई प्रांतात विलीन झाले होते, आणि आमचा जन्म त्यानंतरचा. परंतु राज्ये गेली म्हणून शब्द लागलीच जात नाहीत. सांगवीपाशी नीरा ओलांडली की इकडचा खालसा मुलूख संपला व तिकडचा राजाचा मुलूख लागला, ही सीमा जुन्या मंडळींच्या मनातून शेवटपर्यंत पुसली गेली नाही.

आमची आजी फलटणची. ‘आमचे सरकार’ हे शब्द उच्चारताना ती डोईवरचा पदर सारखा करी. आजोबा थट्टेने म्हणत, “तुझ्या सरकारांचे राज्य सकाळी बैलगाडी जुंपली तर दिवेलागणीच्या आत ओलांडून होते!” त्यावर आजीचे उत्तर ठरलेले असे : “होईना का! आम्ही आमचा राजा रामाच्या यात्रेत डोळ्यांनी पाहिला आहे. इकडून राजाला पाहणे झाले ते रुपयावरच ना?”

हे सारे आज आठवावयाचे कारण आमचा पुतण्या. तो नोकरीनिमित्त झुरिकास असतो. गेल्या दिवाळीस घरी आला तो लिख्टेनस्टाइन नावाचे एक चिमुकले राज्य पाहून आल्याचे वर्णन घेऊनच. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया ह्यांच्या कुशीत वसलेला हा देश अवघा १६० चौरस किलोमीटरांचा. आमच्या इंदापूर तालुक्याच्या एका कोपऱ्यात सहज मावेल. स्वतःचे नाणे नाही, विमानतळ नाही. सैन्य १८६८ सालीच मोडून टाकलेले. तरी जगातल्या अतिश्रीमंत देशांत त्याची गणना. पेढ्या व कारखाने ह्यांवर तो चालतो; कृत्रिम दातांच्या धंद्यात तर त्याचे नाव दुमदुमते! (हे ऐकताच आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, नकळत आपली कवळी चाचपली.) आणि टेकडीवरच्या गढीत राजा अद्याप नांदतो आहे.

अण्णांनी विचारले, “त्यांचा राजा राहिला, मग आपलेच का गेले?” पुतण्या म्हणाला, “अण्णा, पैसा असला की लहान राज्येही टिकतात.” आम्हांस हे उत्तर पटले नाही. जन्मभर वर्गात ‘संस्थानांचे विलीनीकरण’ हा धडा आम्ही दीड तासिकेत उरकला. साडेपाचशेंहून अधिक संस्थाने त्यात एका दमात विलीन होत. त्यांतले एक तरी घरातल्या मुलांनी नीट पाहावे म्हणून मार्गशीर्षात रामाच्या रथाच्या सुमारास आम्ही त्यांस घेऊन फलटणास गेलो.

फलटणचा राजवाडा व राममंदिर शेजारी शेजारी आहेत. वाड्यातील लाकडी कोरीवकाम पाहत मुले चौकातून चौकात हिंडली. जवळच्या जबरेश्वराच्या दगडी कोरीवकामापुढे मात्र थोरांचेच पाय अधिक रेंगाळले. तेथल्या ओट्यावर बसून आम्ही त्यांस घराण्याची हकीकत सांगितली. निंबळक गावावरून निंबाळकर हे नाव पडले. चौदाव्या शतकात दिल्लीच्या तुघलकाकडून मूळ पुरुषास देणगी मिळाली, असे घराण्याची परंपरा सांगते. पुढे बहमनी, आदिलशाही, मोगल, सातारकर, इंग्रज असे धनी बदलत गेले. मुलूख मात्र त्याच घराण्याच्या हाती राहिला. आम्ही इंदापुरास बारा वर्षे शिकविले. तेथे सतराव्या शतकाच्या आरंभी मालोजीराजे भोसले लढाईत पडले. त्यांच्या पत्नी उमाबाई ह्या फलटणच्याच. शिवछत्रपतींचे पहिले लग्न १६४० साली पुण्यास झाले, त्या सईबाईही मुधोजी नाईक निंबाळकरांच्या कन्या. म्हणजे शिवरायांची आजी फलटणची आणि संभाजीराजांची आईही फलटणचीच! इंग्रजी अमदानीत ह्या संस्थानास तोफांची सलामी नव्हती. पण ज्या घरातून अशा लेकी गेल्या त्यास तोफा हव्यात कशाला?

आता वाडुझकरांची वंशकथा ऐका. ते व्हिएन्नाचे धनाढ्य सरदार. बादशाही दरबारात आसन मिळावे एवढ्यासाठी त्यांनी १६९९ व १७१२ साली दोन लहान जहागिरी रोख पैसे मोजून विकत घेतल्या. १७१९ साली त्या एकत्र होऊन हे राज्य झाले. आणि १९३८ पर्यंत त्यांतला एकही राजा तेथे कायमचा राहावयास गेला नाही! हे ऐकून अण्णांच्या नातवाने विचारले, “आजोबा, मग फलटण केवढ्याला पडले?” आम्ही म्हणालो, “बाळ, ते विकत घेतलेले नव्हते. म्हणूनच सांभाळावयास कठीण पडले.”

फलटणचे क्षेत्र ३९७ चौरस मैल, म्हणजे लिख्टेनस्टाइनच्या सहापटीहून अधिक. १९०१ च्या खानेसुमारीत प्रजा ४५,७३९. तेव्हा लहानपणामुळे ते बुडाले म्हणावे तर तसेही नाही. आमच्या मते कारण नीरा नदी हेच. ती काही आल्प्स नव्हे. उन्हाळ्यात गुरेसुद्धा तीतून चालत जातात. दोन्ही तीरांवर एकच भाषा, एकच पंचांग, तेच सोयरेसंबंध. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी फलटणास व तुकोबांची बारामती-इंदापुरास उतरते. पंढरी दोघांचीही एकच. अशा प्रजेस दुसरे राष्ट्र म्हणून वेगळे काढणार कसे?

वैयाकरण ‘राजा’ हा शब्द ‘राज्’ म्हणजे शोभणे ह्या धातूपासून साधतात. कवी मात्र ‘रञ्ज्’ धातूकडे वळून, प्रजेचे रंजन करतो तो राजा, असे म्हणतात. लिख्टेनस्टाइनच्या राजाने २००३ साली आपले अधिकार वाढविण्यासाठी सार्वमत घेतले आणि ते विरुद्ध गेल्यास आपण व्हिएन्नास निघून जाऊ असे प्रजेस बजाविले. प्रजेने मान तुकविली. हा वैयाकरणांचा राजा. उलट औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ सालीच राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. मालोजीराव हे फलटणचे शेवटचे राजे. १९४८ साली गादी सोडल्यावर ते रुसून वाड्यात बसले नाहीत. पुढे मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात त्यांनी काम केले. मुधोजी हायस्कूल व मुधोजी महाविद्यालय ही नावे गावात राहिली आहेत, आणि मास्तर ह्या नात्याने आम्हांस ती तोफांहून मोठी वाटतात. संस्थानी अमदानी म्हणजे रामराज्य नव्हे, हे आम्ही जाणतो. एका पुरुषाच्या लहरीवर सगळ्यांचे नशीब टांगलेले असणे केव्हाही बरे नव्हे. तरी गाऱ्हाणे घेऊन चालत जाता येईल एवढ्या अंतरावर धनी होता, हे सुख आता फलटणकरांसही नाही. साताऱ्याच्या कचेरीत खेपा घालणाऱ्यास ते विचारावे.

हे सर्व आम्ही पुतण्यास सविस्तर लिहून धाडले. त्याचे उत्तर आले आहे. पैशाचा मुद्दा त्याने सोडलेला नाही. मात्र पुढल्या वर्षी आम्हां उभयतांस तिकडे नेण्याचे कबूल केले आहे. तेथला राष्ट्रीय दिवस, योगायोग असा की, १५ ऑगस्टलाच येतो, आणि त्या दिवशी राजा प्रजाजनांस आपल्या बागेत बोलावून आदरातिथ्य करतो. तो दिवस साधावा अशी आमची इच्छा. अण्णांचे म्हणणे मात्र असे की, १५ ऑगस्टला परक्या राजाच्या दारी जाऊन उभे राहणे बरे दिसत नाही. घरात ह्यावर अद्याप एकमत झालेले नाही.