हद्दपारीआधीची शिलाई

फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमध्ये, प्रवेशालगतच्या अरुंद भिंतीवर, मसाच्चोनं १४२०च्या दशकात आदाम आणि हव्वा रंगवले. नंदनवनातून नुकतेच हाकललेले. आदामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय. हव्वेचं तोंड आकाशाकडे, आक्रोशानं उघडं. अंगावर सूतभरही काही नाही. सतराव्या शतकात कुणाला ते सोसवलं नाही, म्हणून वरून पानं चढवली गेली. १९८०च्या दशकात भिंत स्वच्छ करताना ती उतरवली, हे बरंच झालं. माझी तक्रार आहे ती मसाच्चोबद्दलच. बायबलमध्ये ही दोघं उघडी निघालेलीच नाहीत.

उत्पत्तीच्या पुस्तकात फळ खाल्ल्याबरोबर दोघांना लाज उमगते. अंजिराची पानं शिवून ती कमरेला गुंडाळतात. माणसाचं पहिलं कसब म्हणजे शिवणकाम! मग दिवस कलता वाऱ्याच्या वेळी बागेत परमेश्वराची चाहूल लागते, दोघं झाडीत दडतात, आणि तो विचारतो, तू कुठं आहेस? सगळं ठाऊक असणाऱ्यानं हे विचारावं! पुढची उत्तरं अगदी आपल्या घरातली. तू दिलेल्या बाईनंच दिलं, म्हणतो आदाम. सापानं भुलवलं, म्हणते ती. (सापाला बाजू मांडायची संधीच नाही.) आदामाच्या वाट्याला घामाची भाकरी आणि काटेकुसळं, तिच्या वाट्याला वेणा. तोवर एकंदर नवल नाही. शाप देणारे देव आपण पुष्कळ पाहिलेत.

पण निकाल झाल्यावर आणि दाराबाहेर काढण्याआधी परमेश्वर थांबतो. दोघांसाठी कातड्याचे अंगरखे करतो, आणि ते स्वतः त्यांच्या अंगात घालतो. भांडून निघालेल्या पोराच्या पिशवीत आई न बोलता दशम्या कोंबते, तसं. त्या कातड्यासाठी कुठलं जनावर गेलं, ग्रंथ सांगत नाही. बागेतलं पहिलं मरण बहुधा तेच. त्यानंतर बागेच्या पूर्वेला पहाऱ्यावर करूब देवदूत आणि फिरती अग्नितलवार, आणि परतीची वाट बंद.

कुराणातही ही कथा आहे. तिथं दोघं मिळून चुकतात, दोघं मिळून क्षमा मागतात, आणि ती मिळते. एकट्या हव्वेवर ठपका नाही. आणि तिथंही कथा संपताच वस्त्रांचा विषय निघतो: लाज राखणारी वस्त्रं देवानंच धाडली, पण उत्तम वस्त्र धर्मशीलतेचं.

मराठीत ही गोष्ट ओवीतून आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. चारशे वर्षं उलटली, तरी आपल्या ध्यानात राहिले ते साप आणि सफरचंद. त्यातलं सफरचंद तर मूळ ग्रंथात नाहीच. उत्पत्तीचा तिसरा अध्याय अवघ्या २४ वचनांचा आहे. वाचाल तेव्हा एकविसाव्या वचनापाशी जरा थांबा.