शाळेमागील वड

आमच्या शाळेच्या मागील अंगणात एक जुना वड असून त्यावर वटवाघळांची मोठी वसती आहे. सन २०१८ च्या मे महिन्यात केरळातील कोळिकोड भागात निपा नावाच्या विषाणूने १७ माणसांचा बळी घेतला. हा विषाणू वटवाघळांकडून येतो असे वर्तमानपत्रांत आले, आणि जूनमध्ये शाळा उघडताच तो वड तोडावा म्हणून पालकांचा एक अर्ज मुख्याध्यापकांकडे गेला. वाचकांपासून काय लपवावे? त्या अर्जावर पहिली सही आमची होती. आमचा मुलगा त्या झाडाखाली पडलेले देशी बदाम वेचून फोडीत बसे. बापाच्या काळजाला तेव्हा शास्त्र कोठून सुचणार!

मुख्याध्यापकांनी अर्ज मान्यही केला नाही व फेटाळलाही नाही. "आधी वाचा, मग तोडू," एवढेच ते म्हणाले. आम्ही काहीशा रागानेच वाचावयास बसलो.

प्रथमच आम्हांस खजील व्हावे लागले. कोळिकोडास ज्या कुटुंबात रोग प्रथम उद्भवला, त्यांच्या विहिरीत वटवाघळे आढळल्याने लोकांनी सारा दोष त्यांच्या माथी मारला होता. ती किडे खाणारी लहान जात निघाली. त्यांच्यात विषाणू सापडला नाही. मग फळे खाणाऱ्या ५२ मोठ्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले, तेव्हा १० जणांत तो मिळाला. म्हणजे भीती अगदीच खोटी नव्हती. तथापि आरोपी भलताच धरला होता.

हा अभ्यास मोठ्या धीराचे काम आहे. मोजे व मुखपट्टी चढवून अभ्यासक वसतीच्या झाडाखाली कापड अंथरतात व वटवाघळांचे मूत्र गोळा करतात. काहींना जाळ्यात धरून घशातील नमुना घेतात व पुन्हा सोडून देतात. विषाणू अंगी बाळगूनही हा प्राणी सहसा आजारी पडत नाही. शत्रूला आवरावे, पण त्यापायी स्वतःच्या घरास आग लावू नये, अशी काहीशी त्याच्या शरीराची ठेवण आहे.

परंतु आमच्या मनात घर करून राहिली ती बांगलादेशची हकीकत. तेथे हिवाळ्यात शिंदीच्या झाडास खाच पाडून रात्रभर मडक्यात रस धरतात आणि सकाळी तो कच्चाच पितात. निपा झालेल्या कित्येकांनी असा रस प्यायला होता. अभ्यासकांनी झाडांवर अंधारात पाहणारे कॅमेरे बसविले, तो काय! रात्री वटवाघळे येऊन तीच धार चाटीत होती. यावर उपाय निघाला तो गावातलाच: बांबूच्या कामट्यांचे विणलेले झापड खाचेवर व मडक्यावर बांधावयाचे. झापड नीट बांधले की वटवाघळाचे तोंड रसास लागत नाही. त्यासाठी ना झाड तोडावे लागले, ना एक वटवाघूळ मारावे लागले. हे वाचून झाले त्या रात्री आम्हांस आपल्या सहीची खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सही मागे घेतली. दोन पालकांनी आमच्याशी बोलणे सोडले. एकाने तर मुलाला दुसऱ्या शाळेत घातले. त्यांना दोष कसा द्यावा? आठ दिवसांपूर्वी आम्ही त्यांच्याच पंक्तीत होतो. शाळेने मुलांची खेळण्याची जागा झाडापासून दूर नेली, खाली पडलेले फळ उचलावयाचे नाही असा नियम केला, आणि वड राहिला.

पुढे महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये धरलेल्या वटवाघळांतही निपाच्या खुणा मिळाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. ती बातमी आम्ही घरी मोठ्याने वाचली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता ती गुहा बुजवायची का?" आम्ही काही बोलण्यापूर्वीच तो वही घेऊन बाहेर ओट्यावर गेला. वडावरून निघणारी वटवाघळे तो रोज सायंकाळी मोजीत असे. त्या दिवशी त्र्याहत्तरापर्यंत आला, आणि अंधार पडला.