शेवटची नजर कुठे?

आमच्या मोहल्ल्यात पूलचं टेबल आहे. तिथे नवख्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाई, मारताना बघायचं कुठे? पांढऱ्या बॉलकडे, समोरच्या बॉलकडे, की पॉकेटकडे?" प्रश्न साधा वाटतो, पण निम्मा खेळ त्यातच आहे.

माझं उत्तर : तिन्हीकडे, पण क्रमाने. पॉकेट आणि समोरचा बॉल यांची रेषा उभं असतानाच पाहून घ्यायची. पूलचा बॉल सुमारे 57 मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे टक्कर होताना पांढऱ्याचा मध्य समोरच्या बॉलच्या मध्यापासून 57 मिलिमीटर मागे, पॉकेटच्या रेषेत हवा. तिथे एक काल्पनिक बॉल ठेवलाय असं समजा आणि त्याच्या मध्यावर नेम धरा. जिथे बॉल लागायला हवा त्या बिंदूवरच नेम धरला, तर कटचा शॉट जाड बसतो. लक्षात ठेवायला एक सोपी खूण : पांढऱ्याचा मध्य समोरच्याच्या कडेवर रोखला, की तो बॉल साधारण 30 अंशांत सुटतो.

मग वाकायचं. स्टिक हळूहळू मागेपुढे करताना नजर दोन्ही बॉलवर फिरू द्या. स्टिकचं टोक पांढऱ्याला कुठे लागणार, याची खात्री तेव्हाच करून घ्यायची. एकदा खात्री झाली की नजर समोरच्या बॉलवर स्थिर करायची आणि शॉट सुटेपर्यंत हलवायची नाही. झाडावरची कैरी पाडताना आपण हातातल्या दगडाकडे बघतो का? तसंच हे. अपवाद आहेत. मध्ये बॉल असल्यामुळे स्टिक उभी धरून मारावं लागलं, किंवा ब्रेकचा शॉट असला, तर बरेच चांगले खेळाडू शेवटची नजर पांढऱ्यावर ठेवतात.

कॅनडातल्या जोन व्हिकर्स या संशोधिकेने या शेवटच्या ठाम नजरेला 'क्वाएट आय' म्हणजे शांत डोळा असं नाव दिलं. बिलियर्ड्सच्या खेळाडूंवरही असा अभ्यास झाला. मुरलेल्या खेळाडूची ती नजर नवख्यापेक्षा जास्त वेळ टिकते, असं त्यात दिसलं.

हे सगळं मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते माझ्या भाच्यामुळे. त्याचा उजवा डोळा जन्मापासून अधू. "नेमाचा खेळ तुझ्यासाठी नाही बेटा," असं घरातली मोठी माणसं मायेनेच म्हणायची, पण ते त्याला लागायचं. एकाने त्याला स्टिक हनुवटीच्या बरोबर मध्ये धरायला शिकवलं होतं, त्यामुळे सरळ शॉटही चुकायचा. मी स्टिक त्याच्या डाव्या डोळ्याखाली सरकवली आणि जो डेव्हिसची गोष्ट सांगितली. उजवा डोळा कमजोर असलेला हा इंग्रज डाव्या डोळ्याखाली स्टिक धरून खेळला आणि 1927 ते 1946 या काळात 15 वेळा स्नूकरचा विश्वविजेता झाला.

भाचा विश्वविजेता होणार नाही, व्हायची गरजही नाही. लोक आपल्या डोळ्याकडे बघतात हे त्याला कळतं, म्हणून लग्नात, दावतीत तो मान खाली घालून बसायचा. टेबलवर वाकल्यावर मात्र कोण बघतंय याचं त्याला भान नसतं. तो समोरच्या बॉलकडे बघत असतो.