तान्ह्या बाळाला विमानात नेताना : झोपेचं औषध मागू नका



आपल्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही, पण विमानाने जाणारी बाळं आता भरपूर आहेत. लेक पहिल्या बाळंतपणाला सेनगावला, कळमनुरीला, औंढ्याला, वसमतला माहेरी येते. सव्वा महिना होतो, तीन महिने होतात आणि मग पुण्याहून किंवा बंगळूरहून जावई न्यायला येतात. पूर्वी हा प्रवास रात्रभर रेल्वेने नाहीतर ट्रॅव्हल्सने व्हायचा. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेत नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं. नंतर नांदेडची विमानं कधी बंद पडली, कधी परत सुरू झाली, पण लोकांना सवय लागली ती लागलीच. नांदेडहून नसेल तर संभाजीनगरहून, तिथूनही नसेल तर हैदराबादहून जातात.

त्यामुळे ओपीडीत एक प्रश्न नेहमी येतो. बहुधा आजीच विचारते, “साहेब, लेकरू विमानात रडू नये, गुमान झोपून राहावं, असं एखादं औषध लिहून द्या की.”

मी ते औषध लिहून देत नाही. एके काळी मात्र लिहून दिलं होतं. आधी तेच सांगतो.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. (कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वसमतकडचे एक फौजी, त्यांची पत्नी आणि त्यांची दहा महिन्यांची मुलगी. पोस्टिंग दिल्लीला, पहिलाच विमानप्रवास, हैदराबादहून. मुलगी ठणठणीत होती. “रडून गोंधळ घालेल हो, लोक काय म्हणतील,” एवढीच काळजी होती. मी सर्दी-ॲलर्जीवर देतात त्यातलं एक गुंगी आणणारं सिरप लिहून दिलं. डोस वजनाप्रमाणे काढला आणि ‘विमानात बसायच्या अर्धा तास आधी एकदा’ असं तोंडी सांगितलं. तेव्हा आमच्यातले अनेक जण असंच लिहायचे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

जानेवारी महिना होता. दिल्लीत धुकं, म्हणून विमानाला उशीर. आईने ठरल्याप्रमाणे एक डोस दिला. विमान सुटेना. “आता अर्ध्या तासात” असं दोनदा सांगून झालं. तोवर मुलगी जागी होऊन किरकिर करायला लागली, म्हणून आईने दुसरा डोस दिला. ती हातपाय धुवायला गेली असताना वडिलांनीही एक दिला, कारण आईने दिल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मुलगी विमानात चिडीचूप झोपली. दिल्लीत उतरल्यावरही उठेना. अंग ढिलं पडलेलं, छातीला लावली तर ओढेना. रात्री नऊच्या सुमारास मला फोन आला, “डॉक्टर साहेब, पोरगी दूध घेत नाहीये.”

मी त्यांना तिथूनच थेट हॉस्पिटलमध्ये जायला सांगितलं. रात्रभर तिला ऑक्सिजन लावून देखरेखीखाली ठेवलं. सकाळी डोळे उघडून ती प्यायली. पुढे काही झालं नाही, नशीब. ते फौजी मला एका शब्दानेही बोलले नाहीत. चूक आपलीच झाली असं त्यांना वाटत होतं. पण चूक माझी होती. त्या मुलीला कुठलाही आजार नव्हता. मी औषध लिहिलं होतं ते शेजारच्या सीटवरच्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून, आणि पाजलं होतं दहा महिन्यांच्या मुलीला.

बाळाला औषधाने गप्प करण्याची खोड जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात. त्या बिचाऱ्यांचा नाइलाज होता, बाळाला सांभाळायला घरी कुणी नसायचं. आपली तशी अडचण नाही. विमानात बाळ आपल्या मांडीवरच असतं.

गुंगी आणणाऱ्या औषधांनी लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो. प्रोमेथाझिन हे त्यातलं एक. दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ पासून त्यावर आहे. आपल्याकडेही क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. तरी ही सिरपं मेडिकलवर सहज मिळतात, काही घरांत तर कायम असतात. आणखी एक गोष्ट. काही मुलांना या औषधांनी झोप येत नाही, उलट ती जास्त चेकाळतात.

आता मुळात बाळ विमानात रडतं कशाने, ते बघू.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ही नळी क्षणभर उघडते आणि आतली-बाहेरची हवा सारखी होते. मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ‘टक्’ होऊन सुटतात, ते हेच.

विमान वर जाताना कानातली जादा हवा आपोआप बाहेर पडते, त्यामुळे त्रास कमी होतो. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत ओढला जातो. विमानात अर्धी रिकामी बाटली बूच लावून ठेवा, उतरल्यावर ती चेपलेली दिसेल. पडद्यावर तसाच ताण येतो. बाळाची नळी मोठ्यांपेक्षा आखूड, अरुंद आणि जास्त आडवी असते. सर्दी असेल तर सुजेने ती आणखी बंद होते. म्हणून दुखतं ते मुख्यतः उतरताना, शेवटच्या वीस-तीस मिनिटांत.

रडताना बाळ मोठा आ करतं, आवंढे गिळतं, त्यानेही नळी उघडते. म्हणजे रडणं हा बाळाने स्वतःच केलेला उपायही आहे. गुंगीत असलेलं बाळ गिळत नाही आणि दुखतंय हे सांगतही नाही.

मग करायचं काय? अगदी साधं आहे. विमान खाली यायला लागलं की बाळाला पाजा. वैमानिक तशी सूचना देतो, ती झाली की अंगावर घ्या. बाटलीचं दूध असेल तर बाटली द्या. झोपलेलं असेल तर हळूच जागं करा, कारण झोपेत गिळणं कमी होतं. विमान उडताना पाजलं तरी चालेल, पण तेव्हाच पोट गच्च भरून ठेवू नका. उतरताना भूक राहिली पाहिजे. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी देऊ नका. विमानातली हवा कोरडी असते हे खरं, पण त्यासाठी अंगावरचं दूध पुरेसं आहे, फक्त जरा जास्त वेळा पाजा.

वर्षाच्या पुढच्या मुलाला घोट घोट पाणी द्या. केळं, मऊ पोळीचा तुकडा, शिरा असं काही चघळायला द्या. लिमलेटची गोळी, शेंगदाणे, फुटाणे मात्र देऊ नका. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात ते अडकू शकतं.

कानात कोमट तेल, लसणाचं तेल घालू नका. दाब पडद्याच्या आतल्या बाजूला असतो, तेल बाहेरच राहतं. नाक चोंदलं असेल तर उतरण्याआधी मिठाच्या पाण्याचे साधे थेंब नाकात घाला. ताप असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि जमलं तर तिकीट पुढे ढकला. सर्दी साधीच असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते वेदनेवरचं औषध आहे, गुंगीचं नाही. ते कोण देणार, हे घरात आधीच ठरवा आणि दिलं की वेळ लिहून ठेवा. ही शिकवण त्या फौजींच्या मुलीची.

आता कुणी जाऊ नये, ते सांगतो. विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. आत बसून आपण साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असल्यासारखे असतो. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे त्याहूनही उंच. तिथे ऑक्सिजन थोडा कमी मिळतो. निरोगी बाळाला तो पुरतो. पण पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळानेही निदान पहिला आठवडा विमान टाळावं. बाळ मुदतीआधी जन्मलं असेल, पेटीत किंवा ऑक्सिजनवर राहिलं असेल, हृदयाला छिद्र किंवा फुप्फुसाचा आजार असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. दवाखान्याची फाइल सोबत ठेवा.

बाकी काही व्यवहाराच्या गोष्टी. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, पण त्याच्या वयाचा कागद लागतो. जन्माचा दाखला न्या, तो नसेल तर लसीकरण कार्ड. ते हिंगोलीला कपाटात राहिलं आणि नांदेडला आठवलं, की दोन तासांचा रस्ता मागे असतो. बाळाचं दूध, गरम पाणी, औषध सोबत नेता येतं, फक्त तपासणीत दाखवावं लागतं. विमान उडताना आणि उतरताना बाळासाठी छोटा जोडपट्टा मागून घ्या. तो आपल्या पट्ट्यात अडकवतात. आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळू नका, झटका बसला तर आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं. शक्यतो खिडकीची सीट घ्या. पाजायला आडोसा मिळतो, आणि गरम चहाचे कप जिथून ये-जा करतात त्या बाजूला बाळाचे हात जात नाहीत. उशीर होणार हे धरूनच चाला. दूध, लंगोट, कपडे प्रवासाच्या दुप्पट वेळाचे ठेवा.

उतरल्यावर बाळ थोडा वेळ कान ओढेल, कुरकुरेल. ते चालतं. पण रडणं तासन् तास थांबत नसेल, कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, ताप आला असेल तर दाखवा. ओठ निळसर दिसले, श्वास फार जोरात चालला, बाळ उठवूनही उठेना किंवा दूध ओढेना, तर घरी न जाता थेट हॉस्पिटल गाठा.

हे सगळं सांगून झालं तरी आजीचा चेहरा पुष्कळदा तसाच असतो. कानाचं तिला पटलेलं असतं. तिला भीती असते लोकांची. लेक चारचौघांत पाजणार कशी आणि पोर रडलं तर सगळे माना वळवून बघतील, याची. याला माझ्याकडे औषध नाही. मी लेकीला एवढंच सांगतो, समोरून उघडणारा कुर्ता घाल, मोठी ओढणी घे, खिडकीशी बस आणि पाज. दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. त्या लोकांची परत कधी गाठ पडणार नाही, बाळ मात्र तुझंच आहे.

गेल्या महिन्यात अशाच एका लेकीचा पोचल्यावर फोन आला. चार महिन्यांचा मुलगा. “सर, शेवटी रडला. पण पाजायला घेतलं तर थांबला.” बस, एवढंच. घरी जाऊन तो नेहमीसारखा झोपला असेल, औषधाविना.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी उद्या शेजारच्या सीटवर असाल, तर एक विनंती. उतरताना बाळ रडलं तर सुस्कारा टाकू नका. त्या आईची पिशवी धरा, पडलेलं खेळणं उचलून द्या, नाहीतर नुसतं म्हणा, “रडू दे ताई, कान दुखत असेल त्याचा.” लोक काय म्हणतील ही भीती गेली, तर आजी माझ्याकडे ते सिरप मागणार नाही.

काळजी घ्या. प्रवास सुखाचा होवो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या बाळाबद्दल आपल्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या.)